तंबाखूचे पान : जात ओळखा, सुकवण समजून घ्या

जानेवारी-फेब्रुवारीत निपाणीच्या बाजूने प्रवास केला की वेदगंगेच्या काठच्या काळ्या रानांत एक दृश्य हमखास दिसते. कापलेली तंबाखूची झाडे सरींवर आडवी पडलेली असतात, वर ऊन तापत असते आणि बांधावर उभा असलेला शेतकरी आभाळाकडे पाहत असतो. जूनमध्ये तरवा टाकल्यापासून सहा-सात महिने राबून पीक हाती आलेले असते, पण त्याचा पैसा अजून झालेला नसतो. पुढच्या आठ-पंधरा दिवसांत पान कसे सुकते यावर वर्षाचा हिशेब ठरतो. ज्वारी कापली की ती ज्वारीच राहते. तंबाखूचे तसे नाही. कापल्यानंतरच तिची खरी तंबाखू बनते.

आपल्या पॅरिशमधील कित्येक घरे या पिकावर उभी आहेत. काही जण स्वतःच्या रानात पीक घेतात, काही वाट्याने करतात, तर काही घरांतील बायाबापड्या दुसऱ्याच्या रानात किंवा वखारीत मजुरीला जातात. म्हणून या पानाच्या जाती कोणत्या, ते सुकवण्याच्या रीती कोणत्या, सुकताना पानात घडते तरी काय, आणि हे सारे करणाऱ्या माणसाच्या अंगावर त्याचा परिणाम काय होतो, या चार गोष्टींचा येथे विचार करू.

हे पान आपल्याकडे आले कसे?

तंबाखू मूळची अमेरिका खंडातील. पोर्तुगीजांनी ती गोव्याच्या बंदरातून दख्खनेत आणली आणि विजापूरच्या आदिलशाहीत तिची चटक लवकर लागली. अकबर बादशहाचा वकील असद बेग सतराव्या शतकाच्या अगदी आरंभी विजापुराहून परत गेला, तेव्हा त्याने तंबाखू आणि रत्नजडित चिलीम दरबारात नेली. हकिमांनी बादशहाला ओढू नका असे सांगितले, असे त्याने स्वतःच लिहून ठेवले आहे. म्हणजे हे पान आपल्या मुलखात आले त्याच पिढीत त्याबद्दलचा इशाराही दिला गेला होता. पान राहिले, इशारा मागे पडला.

मूळ जाती दोन

शास्त्रज्ञ तंबाखूच्या वंशाला निकोटियाना म्हणतात. टोमॅटो, वांगी, मिरची आणि बटाटा यांचेच हे कूळ. या वंशात साठाहून अधिक जाती आहेत, पण शेतात मुख्यतः दोनच घेतल्या जातात.

पहिली टबॅकम. हिचे झाड उंच, पान लांबट आणि फूल गुलाबी. बिडी, सिगारेट, सिगार आणि खाण्याची बहुतेक तंबाखू या जातीची. निपाणीच्या रानातली तंबाखू हीच.

दुसरी रस्टिका. हिचे झाड बुटके, पान गोलसर, जाड आणि सुरकुतलेले, फूल पिवळसर. हिला थंड हवा मानवते, म्हणून ती उत्तर प्रदेश, बिहार आणि उत्तर बंगालकडे होते. हुक्का, नस आणि खाण्याची तंबाखू यांसाठी ती वापरतात. कुचबिहारकडची मोतीहारी तंबाखू ती हीच. निकोटिनचे प्रमाण हिच्यात सहसा अधिक असते.

व्यापारात मात्र तंबाखू ओळखली जाते ती तिच्या उपयोगावरून. आपल्याला ज्यांची नावे ऐकू येतात ते मुख्य प्रकार असे :

बिडी तंबाखू. गुजरातेत आणंद-खेड्याचा पट्टा आणि आपल्याकडे निपाणीचा पट्टा ही हिची दोन मोठी माहेरघरे. पान जाड, चिकट आणि कडक. आणंद-११९, सुरती-२०, निपाणीची एनपीएन-१९० ही नावे जुन्या शेतकऱ्यांच्या तोंडी आहेत.

व्हर्जिनिया. सिगारेटची तंबाखू. आंध्र प्रदेशात आणि कर्नाटकात म्हैसूर-हुणसूरकडे होते. पान पातळ, रंग लिंबासारखा किंवा नारिंगी. हे पीक घ्यायचे तर तंबाखू मंडळाकडे नाव नोंदवावे लागते. या मंडळाची स्थापना १९७६ साली झाली असून त्याची कचेरी गुंटूरला आहे. व्हर्जिनियाची विक्री मंडळाच्या लिलावात होते. आपल्या बिडी तंबाखूला ती सोय नाही, हे ध्यानात ठेवावे.

बर्ले. हीही सिगारेटच्या मिश्रणात जाते. पान फिकट हिरवे आणि देठ पांढरट. सावलीत वाळवतात.

सिगारची तंबाखू. तमिळनाडूत आणि गोदावरीच्या बेटांवर होणारी लंका तंबाखू या वर्गात मोडते. सिगारच्या बाहेरच्या वेष्टणाचे पान डाग नसलेले, पातळ आणि लवचिक लागते.

खाण्याची तंबाखू. तमिळनाडू, बंगाल, बिहार आणि गुजरात येथे हिच्या अनेक स्थानिक तऱ्हा आहेत. गुजरातेतील लाल चोपडिया आणि काळा चोपडिया ही नावे त्यांतलीच.

जात आणि जमीन यांचे लग्न जमावे लागते. व्हर्जिनियाला हलकी जमीन व बेताचे नत्र लागते. नत्र जास्त झाले तर पान पिवळे न होता हिरवे-काळे पडते. बिडी तंबाखूचे उलट. तिला भारी जमीन, भरपूर शेणखत आणि नत्र मानवते, कारण तिथे कडकपणालाच किंमत असते. एक गोष्ट मात्र दोन्हींना सारखी लागू आहे. तंबाखू जमिनीतले आणि पाण्यातले क्षार, विशेषतः क्लोराइड, पानात ओढून घेते. असे पान नीट जळत नाही आणि ओल धरते. म्हणून मचूळ विहिरीचे पाणी या पिकास देऊ नये. पालाश द्यायचे झाल्यास म्युरेट ऑफ पोटॅश न देता सल्फेट ऑफ पोटॅश द्यावे.

सुकताना पानात काय घडते?

पुष्कळांना वाटते की सुकवणे म्हणजे पानातले पाणी काढणे. ते अर्धेच खरे आहे. हिरव्या पानात शंभरातले ऐंशीहून अधिक भाग पाणी असते आणि ते जावे लागतेच. पण नुसते पाणी काढायचे असते तर पान तव्यावर टाकूनही भागले असते. तसे केले तर पान हिरवेच वाळते. त्याला गवताचा वास येतो आणि ओढले तर घसा खरवडतो.

पान झाडावरून तोडले तरी ते लगेच मरत नाही. ते काही काळ जिवंत राहते आणि श्वासही घेते. मुळाकडून अन्न येणे बंद झाल्यामुळे साठवलेल्या पिठूळ अंशावर ते दिवस काढते. त्या पिठाची साखर बनते. हिरवा रंग मोडतो आणि त्याखाली दडलेला पिवळा रंग वर येतो. प्रथिनेही मोडू लागतात. पुढे पानाचा जीव गेला की हवेतील प्राणवायूमुळे पिवळ्याचे तांबूस आणि तांबूसाचे तपकिरी होते. कापलेले सफरचंद तांबडे पडते, तोच हा प्रकार.

सुकवणीच्या साऱ्या रीती या एका गोष्टीभोवती फिरतात. पानाला किती काळ जिवंत ठेवायचे आणि कोणत्या घटकेला मारायचे, एवढेच ते कौशल्य. लवकर मारले तर हिरवे राहते. फार रेंगाळले तर साखर संपते, पान काळे पडते आणि कुजू लागते.

सुकवणीच्या चार रीती

भट्टीची सुकवण. ही व्हर्जिनियासाठी. पाने खालून वर, पिकतील तशी दोन-तीन करून तोडतात आणि काठ्यांना बांधून बंद भट्टीघरात टांगतात. चुलीची धग लोखंडी नळ्यांतून आत फिरते, धूर पानाला लागत नाही. पहिला दीड-दोन दिवस धग मंद, सुमारे ३२ ते ३८ अंश सेल्सिअस, आणि आत दमट हवा. या काळात पान पिवळे होते. मग हवा खेळती ठेवून धग हळूहळू पन्नासच्या आसपास नेतात, म्हणजे पान मरते आणि पिवळा रंग पक्का होतो. शेवटी जाड शीर वाळावी म्हणून सत्तर अंशांच्या आसपास नेतात. साधारण पाच ते सात दिवसांत घाणा उतरतो. साखर जळून जाण्यापूर्वीच पान मारल्यामुळे ती पानात राहते आणि धूर गोडसर लागतो. या रीतीत एक किलो वाळल्या पानासाठी कित्येक किलो लाकूड जळते. भट्टीच्या मुलखातील डोंगर बोडके झाले त्याचे हे एक कारण आहे.

हवेची सुकवण. बर्ले आणि सिगारची पाने अशी वाळवतात. हवेशीर छपरात सावलीला पाने किंवा अख्खी झाडे महिना-दोन महिने टांगलेली असतात. पान सावकाश मरते, त्यामुळे साखर जवळजवळ सारी संपते आणि रंग तपकिरी येतो.

धुराची सुकवण. छपराखाली जमिनीवर ओंडके धुमसत ठेवून त्यांचा धूर पानाला देतात. अमेरिकेत केंटकी व टेनेसी या राज्यांत ही रीत आहे. तमिळनाडूत खाण्याची तंबाखू काही ठिकाणी धुरात, काही ठिकाणी उन्हात, तर काही ठिकाणी खड्ड्यात पुरून मुरवतात.

उन्हाची सुकवण. बिडी तंबाखूची आपली रीत. तुर्कस्तान आणि ग्रीसमधील लहान पानांची सुवासिक तंबाखूही उन्हातच वाळते. या रीतीला खर्च सर्वांत कमी आणि धोका सर्वांत जास्त, कारण भट्टीची चावी आपल्या हाती असते, उन्हाची नसते.

बिडी तंबाखूची काळजी

पान केव्हा कापावे, हा पहिला प्रश्न. शेंडा खुडल्यावर आणि फुटवे वेळोवेळी काढल्यावर झाडाचे सारे बळ राखलेल्या पानांत उतरते. पान जाड होते, त्यावर फुगवटे येतात, दुमडले तर कडकन मोडते आणि अंगावर तांबूस-तपकिरी ठिपके उठतात. हे ठिपके म्हणजे पक्वतेची खूण. ठिपके येण्याआधी घाई केली तर माल हलका आणि हिरवट निघतो. फार थांबले तर खालची पाने हातची जातात.

कापणी दव उतरल्यावर करावी. याचे एक कारण मालाशी आणि दुसरे माणसाच्या जिवाशी संबंधित आहे. जिवाचे कारण पुढे येईल. कापलेली झाडे पसरून ठेवावीत, एकावर एक ढीग करू नये. एक बाजू वाळली की झाडे उलटावीत. या दिवसांत अवकाळी पाऊस झाला तर पानावरचा चिकट अंश धुऊन जातो, डाग पडतात आणि बुरशी धरते. म्हणून रान मोठे असेल तर सारे एकाच दिवशी आडवे न पाडता टप्प्याटप्प्याने कापावे. हवामानाचा अंदाज आता मोबाइलवरही मिळतो, तो पाहूनच कोयता हाती घ्यावा.

वाळलेले पान दुपारी हाताळले तर त्याचा भुगा होतो. पहाटे दवाने ते मऊ पडते, तेव्हाच गोळा करावे. म्हणजे हिरवे पान दव गेल्यावर कापायचे आणि वाळलेले पान दव असताना उचलायचे. मात्र मऊ पडलेला माल आणि ओला माल यांत फरक आहे. मुठीत दाबून सोडल्यावर पान उलगडले तर ठीक. हाताला गार आणि ओलसर लागले तर ते गंजीत घालू नये.

पुढे गंज किंवा चाकी रचली की तंबाखूला आतून ऊब येते. ओल, हवा आणि पानातील सूक्ष्म जंतू यांमुळे हे घडते. बेताची ऊब आली तर हिरवा उग्र वास जातो, रंग एकसारखा होतो आणि माल मुरतो. ऊब हाताबाहेर गेली तर आतला माल काळा पडून सडतो. म्हणून चाकीत हात घालून पाहत राहावे आणि चटका जाणवू लागताच ती मोडून वरचा माल खाली, खालचा वर करावा. १९८२ साली युगांतर या गटाने निपाणीच्या तंबाखू कामगार स्त्रियांच्या लढ्यावर माहितीपट काढला, त्याचे नाव ‘तंबाखू चाकीला ऊब आली’. ते या कामातूनच उचललेले आहे.

आणखी एक सूचना रोपवाटिकेसाठी. तंबाखूवरील मोझेक रोगाचा विषाणू सुकवलेल्या तंबाखूतही टिकून राहतो. बिडी ओढून किंवा तंबाखू मळून त्याच हाताने तरवा उपटला तर रोग रोपांत जातो. हात साबणाने धुतल्यावाचून रोपांना हात लावू नये. मुळांवर वाढणारा बंबाखू दिसला तर फुलून बी धरण्यापूर्वी उपटून जाळावा.

‘ऊन लागलं असंल’

आता जिवाचे कारण. कापणीच्या दिवसांत पुढील संवाद कुठल्याही रानात ऐकू येतो.

“मामा, गरगराय लागलंय बगा. मळमळतंय बी.”

“ऊन लागलं असंल पोरी. जा, झाडाखाली बस जरा. पाणी पी.”

सुनेने सावलीत बसावे आणि पाणी प्यावे हे बरोबरच. पण ते ऊन नसते. तंबाखूच्या हिरव्या पानावरील निकोटिन पाण्यात विरघळते. दवाने किंवा पावसाने पान ओले असेल, अंग घामाने भिजले असेल आणि कापलेली झाडे उघड्या हातावर, काखेत किंवा पोटाशी धरून वाहिली, तर ते निकोटिन कातडीतून रक्तात जाते. मग डोके दुखते, गरगरते, मळमळते, उलट्या होतात, अशक्तपणा येतो, कधी नाडीचा वेग बदलतो. हिला हिरव्या तंबाखूची बाधा म्हणतात. अहमदाबादच्या राष्ट्रीय व्यावसायिक आरोग्य संस्थेच्या शास्त्रज्ञांनी गुजरातेतील तंबाखू मजुरांमध्ये हिचा अभ्यास केलेला आहे. जो कधी तंबाखूला शिवला नाही त्याला ही बाधा लवकर होते, म्हणून पहिल्यांदा कामावर येणाऱ्या मुली आणि पोरे आधी आडवी होतात.

उपाय साधे आहेत. दव उतरेपर्यंत हिरव्या पानात शिरू नये. पूर्ण बाह्यांचा सदरा घालावा, हातमोजे घालावेत, मोजे नसतील तर निदान हाताला जाड कापड गुंडाळावे. कपडे भिजले तर तसेच अंगावर वाळू देऊ नयेत, बदलावेत. काम संपताच साबणाने अंग धुवावे आणि ते कपडे निराळे धुवावेत. हात धुतल्यावाचून भाकरीला हात लावू नये आणि तान्ह्या मुलाला पाजू नये. गरोदर बाई आणि लहान मूल यांना या कामावर नेऊच नये. उलट्या थांबत नसतील किंवा दम लागत असेल तर दवाखान्यात न्यावे आणि ‘तंबाखूच्या रानात काम करत होती’ हे डॉक्टरांना आवर्जून सांगावे. नाहीतर ऊन किंवा फवारणीचे विष समजून उपचार होण्याचा संभव असतो.

वाळल्या मालाची धूळ हा दुसरा त्रास. झोडताना आणि चाळताना उडणारी धूळ नाकाडोळ्यांत जाते. खोकला, शिंका, डोळ्यांची आग आणि दम हे त्याचे परिणाम. नाकातोंडावर फडके बांधावे, वाऱ्याकडे पाठ करावी, बंद खोलीत चाळणी करू नये आणि ज्या खोलीत निजतो तेथे माल साठवू नये.

सुकवणीने विष जात नाही

‘आमची तंबाखू उन्हात वाळवलेली, शुद्ध, बिनरसायनाची’ असे आपण अभिमानाने म्हणतो. परंतु नाइट्रोसामाइन या नावाची कॅन्सर उत्पन्न करणारी द्रव्ये सुकताना आणि मुरताना पानातल्या पानातच तयार होतात. पानातील निकोटिन व तत्सम द्रव्ये आणि जंतूंच्या क्रियेतून होणारे नाइट्राइट यांपासून ती बनतात. हवेत किंवा धुरात सुकवलेल्या मालात ती सहसा अधिक असतात. रीत बदलली तर प्रमाण कमी-जास्त होते, पण कोणत्याही रीतीने पान निर्धोक होत नाही.

बिडी सिगारेटपेक्षा सौम्य, हाही गैरसमज. टेंभुर्णीच्या पानातून हवा कमी शिरते, त्यामुळे बिडी विझू नये म्हणून जोराने आणि वारंवार झुरके घ्यावे लागतात. विष कमी नव्हे, भरपूर आत जाते. आणि आपल्या घरांतील मशेरी? तंबाखू तव्यावर भाजून, कुटून दातांना लावली म्हणजे ते दंतमंजन होत नाही. हिरड्यांतून निकोटिन रक्तात जातेच. गरोदरपणी तंबाखू लावणाऱ्या किंवा खाणाऱ्या आईचे मूल कमी वजनाचे जन्मण्याची भीती असते. तोंडात पांढरा वा लाल चट्टा, तीन आठवड्यांत न भरणारी जखम किंवा तोंड उघडण्यास त्रास, यांपैकी काही दिसले तर दुखत नाही म्हणून थांबू नये. तोंडाचा कॅन्सर आरंभी दुखत नाही, आणि आरंभीच सापडला तर बरा होण्याची आशा मोठी असते.

भाव आणि पुढचा विचार

हे वाचून कोणी म्हणेल, मग पीक सोडावे काय? कोरडवाहू रानात हातात रोख पैसा देणारे दुसरे पीक नसताना हा सल्ला देणे सोपे आहे, पाळणे सोपे नाही. या पानाच्या भावासाठी आपल्या भागाने काय सोसले ते जुन्या लोकांना आठवते. १९८१ च्या मार्च-एप्रिलात शरद जोशी यांच्या नेतृत्वाखाली तंबाखू शेतकरी निपाणीजवळ पुणे-बंगलोर महामार्गावर बसले होते. ६ एप्रिलला पोलिसांचा गोळीबार झाला आणि शेतकऱ्यांचे प्राण गेले. प्रतवारी आणि वजन व्यापाऱ्याच्या हाती, पैसे त्याच्या सवडीने, ही त्या वेळची कळ होती. आजही बिडी तंबाखूची विक्री करताना प्रत आपल्याला स्वतःला ओळखता आली पाहिजे, नमुना आपण आपल्या हाताने काढला पाहिजे आणि वजनाची चिठ्ठी मागून घेतली पाहिजे. ज्याला आपल्या मालाची जात व सुकवण समजते, त्याला कोणी सहजासहजी हलका माल म्हणून गुंडाळू शकत नाही.

त्याचबरोबर सारी जमीन एका पानावर टाकू नये. जेथे पाणी आले तेथे निपाणी भागातील पुष्कळ रान उसाकडे गेले आहे. जेथे पाणी नाही तेथे सोयाबीन, भुईमूग, हरभरा आणि ज्वारी यांचा फेरपालट करून तंबाखूचे क्षेत्र दरसाल थोडे थोडे कमी करता येते. फेरपालटाने बंबाखूचा आणि मुळांच्या रोगांचा जोरही मोडतो. मिरची किंवा भाजीपाल्याची एखादी पट्टी घालून बाजार अजमावून पाहावा. जमाखर्च मांडताना घरच्या माणसांची मजुरी आणि दवाखान्याचा खर्चही तंबाखूच्या खात्यावर लिहावा. मग कोणते पीक किती परवडते ते आपोआप कळेल.

यंदा कापणीला निघण्यापूर्वी एवढे तरी करा. हातमोज्यांचे चार जोड आणून ठेवा, रानात साबण आणि पाण्याची घागर ठेवा, आणि सकाळी दव उतरेपर्यंत कोयता खाली ठेवा. सून म्हणाली की गरगरतंय, तर तिला ‘ऊन लागलं असंल’ असे सांगून परत कामाला लावू नका. तिला घरी पाठवा.